सुईनंतर अंगावर उठले, तर आधी घड्याळ बघा

‘डॉक्टर, मला सुई चालत नाही,’ असे सांगणारा एक तरी पेशंट आठवड्यातून माझ्या दवाखान्यात येतोच. ‘कोणती सुई?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते. ‘नाव नाही माहीत. पांढरी पावडर होती, पाणी घालून दिली होती.’ ‘काय झाले होते?’ ‘रिॲक्शन आली होती.’ ‘म्हणजे नक्की काय?’ यावर कोणी म्हणतो अंगाला खाज सुटली, कोणी म्हणतो चक्कर आली, कोणाच्या कमरेत गाठ झालेली असते, तर कोणाला नुसते मळमळलेले असते. ‘सुईनंतर किती वेळाने?’ हे मात्र फारच थोड्यांना आठवते.

गंमत अशी की पुढच्याच वाक्यात हाच पेशंट म्हणतो, ‘पण दुसरी एखादी सुई द्याच. गोळीने गुण येत नाही.’ सुईवरची श्रद्धा आणि सुईची धास्ती या दोघी आपल्याकडे एकाच घरात सुखाने नांदतात. दोघींचे मूळही एकच आहे. आपण सुई घेतो, पैसे देतो, घरी जातो. पण तिचे नाव विचारत नाही.

आजच्या लेखात मला एवढेच सांगायचे आहे की ‘रिॲक्शन’ हे काही निदान नव्हे. सुईनंतर त्वचेवर जे उठते त्याचा अर्थ तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून लागतो. किती वेळाने उठले? कुठे उठले? आणि औषधाचे नाव काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पेशंटच्या हाती असतात. तिसरे उत्तर डॉक्टरने द्यायचे असते, आणि न मागता द्यायचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. म्हणून आपण घड्याळाच्या हिशेबानेच पुढे जाऊ.

पहिला अर्धा तास

जी रिॲक्शन सर्वांत धोक्याची, ती सर्वांत लवकर येते. आपल्या त्वचेखाली, श्वासनलिकेत आणि आतड्यांत ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात. हिस्टॅमिन व तशाच इतर रसायनांनी त्या भरलेल्या असतात. एखाद्या औषधाशी शरीराची पूर्वी गाठ पडली असेल आणि त्या औषधाविरुद्ध शरीराने प्रतिद्रव्ये तयार करून ठेवली असतील, तर पुढच्या खेपेस औषध रक्तात शिरताच या पेशी फुटल्यासारख्या होऊन आतली रसायने एकदम बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपते, त्वचेवर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात आणि रक्तदाब कोसळतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ‘मागच्या वेळी हीच सुई घेतली होती, तेव्हा काही झाले नाही,’ हा भरवसा म्हणूनच पुरेसा नाही. कित्येकदा मागच्या वेळीच शरीराची तयारी झालेली असते.

लक्षणे बहुधा काही मिनिटांत सुरू होतात. तळहात, तळपाय, डोक्याची कातडी खाजू लागते. अंगावर पित्तासारख्या गांधी येतात. ओठ, पापण्या, जीभ सुजते. आवाज घोगरा होतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते, खोकला किंवा धाप लागते. पोटात कळ येऊन उलटी होते. डोळ्यांसमोर अंधारी येते. कित्येक पेशंट ‘काहीतरी भयंकर होतंय’ एवढेच बोलतात, आणि ते बोलणे डॉक्टरने खरे धरावे.

नियम सोपा आहे. त्वचेवर गांधी आणि त्याबरोबर श्वास, पोट, रक्तदाब किंवा शुद्ध यांपैकी एकाची जरी तक्रार असेल, तर ती तातडीची वेळ समजावी. शंभरांत दहा ते वीस जणांच्या त्वचेवर काहीच दिसत नाही. तेव्हा सुईनंतर लगेच धाप लागली किंवा पेशंट कोसळला, तर अंगावर पुरळ नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

आणखी एक गोष्ट. वैद्यकाची बहुतेक पुस्तके गोऱ्या कातडीच्या देशांत लिहिली गेली. त्यांत ‘त्वचा लाल होते’ असे असते. आपल्या सावळ्या रंगावर ही लाली पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून डोळ्यांइतकाच तळहाताचा उपयोग करावा. अंगावरून हात फिरवला की उठलेल्या गांधी लागतात, त्वचा गरम लागते. खाज कुठे आहे हे पेशंटला विचारावे.

या रिॲक्शनवर पहिले औषध एकच, आणि ते म्हणजे ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचे असते आणि ताबडतोब द्यायचे असते. आपल्याकडे अजूनही आधी ॲलर्जीची सुई, मग स्टेरॉइडची सुई, आणि तरीही बरे न वाटल्यास ॲड्रेनॅलिन असा उलटा क्रम पुष्कळ ठिकाणी चालतो. पहिल्या दोन औषधांनी खाज कमी होईल. परंतु घशाची सूज आणि पडलेला रक्तदाब तेवढा वेळ थांबून राहत नाही. पेशंटला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसते ठेवावे, पण उठवून चालवू नये. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. आणि बरे वाटले म्हणून लगेच घरी न्यायची घाई करू नये. काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली राहणे आवश्यक आहे.

घाबरून येणारी चक्कर ही वेगळी गोष्ट. सुई बघूनच काही जण पांढरे पडतात, दरदरून घाम सुटतो, नाडी मंद होते. त्यांना खाज नसते, गांधी नसतात, धाप नसते, आणि आडवे केले की ते एक-दोन मिनिटांत ताळ्यावर येतात. ही ॲलर्जी नव्हे. तरीही अशा किती जणांच्या कपाळी ‘सुई चालत नाही’ हा शिक्का जन्मभरासाठी बसला आहे!

२०२१ साली कोविडची लस घेताना आपण सगळे केंद्रावर अर्धा तास खुर्चीत बसलो होतो. कोणीही तक्रार केली नाही. मग दवाखान्यात प्रतिजैविकाची सुई घेतल्यावर लगेच पायात चपला का सरकवायच्या? ‘डॉक्टर, एसटी चुकेल,’ हे मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. एसटी दुसरी मिळते. आणि जो दवाखाना सुई देतो, त्याच्याकडे ॲड्रेनॅलिन असलेच पाहिजे. ते औषध स्वस्त आहे. गावोगावी लसीकरणाला जाणाऱ्या नर्सताईंच्या पिशवीतही त्याचे किट असते आणि ते कसे द्यायचे याचे शिक्षण त्यांना दिलेले असते. एवढी तयारी अंगणवाडीच्या पडवीत होऊ शकते, तर पाटी लावून बसलेल्या आम्हा डॉक्टरांना कसलीही सबब नाही.

पहिले दोन-तीन दिवस

सुईच्या जागी दुखणे, थोडी सूज, थोडा कडकपणा ही पहिल्या दोन दिवसांतली सामान्य गोष्ट आहे. बाळाला मांडीत लस दिल्यावर ती जागा सुजते, अंगात कसकस येते, बाळ किरकिरते. गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके ठेवावे. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे, मात्र किती द्यायचे ते बाळाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरला विचारून. काही वेळा मांडीत वाटाण्याएवढी गाठ काही आठवडे राहते. ती दुखत नसेल, वाढत नसेल, तर तिला हात लावू नये. चोळणे, रगडणे, हळद-चुन्याचा लेप, गरम विटेचा शेक हे सगळे टाळावे. सलाईन लावलेली शीर दुखते म्हणून तिच्यावर बटाट्याच्या चकत्या बांधलेले पेशंट मला अजून भेटतात. बटाट्याने नुकसान होत नसेलही, पण तीन दिवस वाया जातात ते नुकसानच.

मग डॉक्टरकडे कधी जायचे? एक घरगुती युक्ती सांगतो. सूज दिसली की तिच्या कडेने साध्या बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या आत आली असेल तर ती उतरते आहे. रेघ ओलांडून पसरली असेल, जागा गरम होऊन ठणकत असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा त्या जागेपासून काखेकडे अगर जांघेकडे रेघ चढत असेल, तर जंतुसंसर्ग झाला आहे. त्याच दिवशी दाखवावे. आत पू झाला असेल तर नुसत्या गोळ्यांनी ते गळू बसत नाही. चीर देऊन पू काढावा लागतो. मधुमेहाच्या पेशंटने तर एक दिवसही वाट पाहू नये.

क्वचित घडणारी, पण ओळखलीच पाहिजे अशी एक गोष्ट इथे सांगतो. अंगदुखी-कंबरदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई आपल्याकडे सर्रास घेतली जाते. अशी सुई, किंवा क्वचित दुसरीही एखादी, टोचतानाच जिवघेणी कळ आली, ती जागा पांढरीफटक पडली आणि पुढच्या काही तासांत तिथे निळी-जांभळी जाळी उमटू लागली, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आहे असे समजावे. १९२५ साली निकोलाऊ या डॉक्टरने बिस्मथच्या सुईनंतर असे होते हे वर्णन करून ठेवले, म्हणून हा प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे ती त्वचा काळी पडून झडते, कधी खालचा स्नायूही जातो. इथे ‘शेक घ्या, उद्या या’ असे म्हणून चालत नाही. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी गेले पाहिजे.

आठवडा-दोन आठवडे

सुयांचा कोर्स चालू असताना चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढे कधीतरी अंगभर बारीक पुरळ येते. आधी छाती-पाठीवर, मग हातापायांवर. नुसती खाज असेल, ताप नसेल, तोंड-डोळे ठीक असतील, तर हे प्रकरण बहुधा सौम्य असते. तरीही पुढची सुई घेण्यापूर्वी डॉक्टरला दाखवावे. औषध चालू ठेवायचे की बदलायचे हे त्याने ठरवायचे आहे. आपल्या मनाने कोर्स पुढे रेटू नये.

परंतु पुरळाबरोबर ताप आला, डोळे लाल होऊन चुरचुरू लागले, तोंडात किंवा लघवीच्या जागी फोड आले, त्वचा खाजण्याऐवजी दुखू लागली, जांभळे डाग पडून त्यांवर पाण्याचे फोड आले किंवा कातडी सोलून निघू लागली, तर तो स्टीव्हन्स-जॉन्सन नावाचा गंभीर आजार असू शकतो. औषध सुरू झाल्यापासून चार दिवस ते चार आठवडे हा त्याचा काळ. सल्फा, फिटची काही औषधे, युरिक ॲसिडवरचे ॲलोप्युरिनॉल ही त्याची नेहमीची कारणे. त्यांतली बहुतेक गोळ्यांच्या रूपात घेतली जातात. म्हणून ‘सुईने आले’ म्हणणाऱ्याने गेल्या महिन्याभरातल्या गोळ्यांचीही पाकिटे बरोबर न्यावीत. औषधे ताबडतोब थांबवून मोठ्या रुग्णालयात जाणे हाच यावरचा घरच्यांनी करायचा उपाय. एक-दोन दिवस लवकर पोहोचल्याने जीव वाचतो.

या आठवडा-दोन आठवड्यांच्या रिॲक्शनला मोठा इतिहास आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्दच सुईतून जन्मला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घटसर्पावर घोड्याच्या रक्तातले सीरम, म्हणजे रक्तजल, टोचत असत. व्हिएन्नाच्या पिर्के या बालरोगतज्ज्ञाने पाहिले की काही मुलांना सुईनंतर आठ-दहा दिवसांनी पुरळ, ताप आणि सांधेदुखी होते. त्याने व शिक या त्याच्या सहकाऱ्याने १९०५ मध्ये या ‘सीरमच्या आजारा’वर पुस्तक लिहिले, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने ॲलर्जी हा शब्द तयार केला.

आपल्या पुण्याला घोड्याच्या रक्तजलाचे नवल नाही. १९६६ साली इथे स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या नावातच ते आहे; घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय असलेल्या पूनावाला कुटुंबाने ती संस्था काढली. सर्पदंशावरचे प्रतिविष तर आजही घोड्यांपासूनच तयार होते. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत किंवा जुन्नरच्या शेतावर साप चावलेल्या माणसाचा जीव त्याच औषधाने वाचतो. ते सलाईनमधून देत असताना गांधी उठणे, थंडी वाजणे हे पुष्कळदा होते. डॉक्टर ते थांबवतात, ॲड्रेनॅलिन देतात आणि प्रतिविष पुन्हा सुरू करतात. अशा वेळी ‘रिॲक्शन आली, आता बंद करा, आम्ही घरी नेतो,’ असे नातेवाइकांनी म्हणणे म्हणजे पेशंटला विषाच्या हवाली करणे होय. आणि घरी आल्यावर पाच ते चौदा दिवसांत पुरळ, ताप, सांधेदुखी झाली, तर परत जाऊन ‘मला प्रतिविष दिले होते’ हे आवर्जून सांगावे. उपचार सोपा असतो, पण माहिती नसेल तर डेंगी की चिकुनगुनिया यातच आठवडा जातो.

महिन्यानंतर आणि वर्षानंतर

काही गोष्टी इतक्या उशिरा दिसतात की सुईशी त्यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. जन्मल्यावर बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात. दोन-तीन आठवड्यांनी तिथे फुगवटा येतो, मग तो फुटून थोडा पू येतो, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत व्रण राहतो. ही रिॲक्शन अपेक्षितच आहे. तिच्यावर मलम नको, पट्टी नको, पिळणे तर मुळीच नको. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम तीन महिने उलटूनही भरली नाही, तर मात्र दाखवावे.

उलट, मोठ्या माणसाच्या कमरेत किंवा दंडात सुईनंतर महिन्याने गाठ येऊन ती वाहू लागली, नेहमीच्या प्रतिजैविकांनी ती भरत नसली, तर पू तपासायला पाठवावा असा आग्रह धरावा. क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद पाण्यात व अस्वच्छ उपकरणांवर राहतात. ते सुईवाटे आत गेले तर साध्या औषधांना दाद देत नाहीत.

रोज इन्शुलिन घेणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा पोटावरून हात फिरवून पाहावा. एकाच जागी टोचत राहिल्याने तिथे मऊ, न दुखणारी चरबीची गाठ तयार होते. न दुखणारी, म्हणून पेशंटला तीच जागा सोयीची वाटते. पण तिथून इन्शुलिन नीट शोषले जात नाही आणि साखर कधी खाली तर कधी वर जाते. जागा रोज बदलावी, दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवावे, सुईचे टोक बोथट होईपर्यंत वापरू नये. टाचेच्या किंवा सांध्याच्या दुखण्यावर स्टेरॉइडची सुई घेतल्यावर काही आठवड्यांनी त्वचेला खळगा पडून डाग पांढरा झाला, तर ते कोड नव्हे. बहुतेकांचा तो डाग काही महिन्यांत हळूहळू भरून येतो. लोहाचे औषध शिरेबाहेर गेले तर तपकिरी डाग वर्षानुवर्षे राहतो. म्हणून सलाईनमधून लोह चालू असताना जागा झोंबू लागली की तत्क्षणी नर्सला हाक मारावी.

पिंपरीची पेनिसिलिन आणि भीतीची किंमत

सुईच्या रिॲक्शनची भीती आपल्याकडे सर्वाधिक कोणत्या औषधाने घातली असेल, तर ती पेनिसिलिनने. आणि आपल्या जिल्ह्याचा तर या औषधाशी घरोबा आहे. १९५४ साली केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला. देशातील पेनिसिलिनचा हा पहिला सरकारी कारखाना. जे औषध परदेशातून यायचे ते पुणे-मुंबई रस्त्यावर तयार होऊ लागले, आणि न्युमोनिया, धनुर्वात, गर्मी यांनी मरणारी कितीतरी माणसे वाचली.

त्याच पेनिसिलिनची एक लांब मुदतीची सुई संधिवाती तापाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी घ्यावी लागते. घसादुखीच्या जंतूने पुन्हा पुन्हा येणारा हा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. ही सुई त्याला अडवते. पण रिॲक्शनच्या धास्तीने अनेक दवाखान्यांनी ती देणेच बंद केले. मुलाला घेऊन आईबाप या दारातून त्या दारात फिरतात आणि शेवटी कंटाळून थांबतात.

ही धास्ती किती खरी? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतील १,७९० पेशंटना दिलेल्या ३२,४३० सुयांची नोंद ठेवली होती. ॲनाफिलॅक्सिस झाला चौघांना, आणि त्यांतला एक दगावला. ज्या घरातला माणूस जातो त्या घराला आकडेवारीने दिलासा मिळत नाही हे मला कळते. पण दुसऱ्या पारड्यात हजारो मुलांच्या झडपा आहेत. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले की ज्यांच्या झडपा फारच बिघडल्या आहेत, त्यांच्यात या सुईनंतरचे काही मृत्यू ॲलर्जीपेक्षा हृदयावर ताण येऊन झाले असावेत. अशांना गोळ्या द्याव्यात. बाकीच्यांची सुई थांबवू नये. सुईपूर्वी काही खाऊन, पाणी पिऊन यावे, आडवे निजून सुई घ्यावी, आणि नंतर अर्धा तास बसावे. कातडीत थोडे औषध टोचून केलेली टेस्ट चांगली निघाली तरीही बसावे, कारण त्या टेस्टने शंभर टक्के हमी मिळत नाही.

खोट्या शिक्क्याचीही किंमत असते. कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलेल्यांची नीट तपासणी केली तर दहांपैकी नऊ जणांना ती नसते, असे परदेशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. लहानपणी तापात उठलेले पुरळ, एखादी चक्कर, एखादी उलटी यांवरून शिक्का बसतो, आणि मग जन्मभर साधे, स्वस्त औषध सोडून महागडे व जास्त जहाल औषध घ्यावे लागते. मात्र याचा अर्थ घरी प्रयोग करून पाहावा असा कोणी घेऊ नये. शिक्का पुसायचा तो तज्ज्ञाने, रुग्णालयात.

नाव मागा

आता डॉक्टर म्हणून आमच्या धंद्याबद्दल चार शब्द. दिलेल्या सुईचे नाव पेशंटला न सांगण्याची प्रथा आपल्याकडे मुरलेली आहे. त्याने दुसरीकडे जाऊन तीच घेऊ नये, मेडिकलमधून किंमत काढू नये, अशी त्यामागची कारणे असतात. ती मला मान्य नाहीत. औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे भारतीय वैद्यकीय परिषदेने २०१६ साली नियमात घातले आहे. पेशंटने नोंदी मागितल्यास ७२ तासांत त्या द्याव्यात, हाही जुना नियम आहे. पहाटे तीन वाजता ससूनमध्ये पोहोचलेल्या, ओठ सुजलेल्या माणसाजवळ त्या सुईचे नाव असेल, तर तिथल्या तरुण डॉक्टरचे अर्धे काम झालेले असते. नाव नसेल, तर तो माणूस बरा होऊन घरी जाईल, पण तीच सुई पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात त्याला पुन्हा टोचली जाऊ शकते. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा धोका इथेच आहे.

पेशंटचेही कर्तव्य आहेच. सुईचा आग्रह सोडा. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन अब्ज सुया टोचल्या जातात, आणि त्यांतल्या जवळजवळ ६३ टक्के या ना त्या कारणाने असुरक्षित असतात. सर्दीला, साध्या तापाला, थकव्याला सुई लागत नाही. जी सुई टोचलीच नाही, तिची रिॲक्शन येत नाही.

आणि लागलीच, तर बाटलीवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. कोणी रागावले तर रागावू द्या. काही उठलेच, तर त्याचाही फोटो काढा, उजेडात, वेळेसकट. घरात एक वही ठेवा. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे औषध, तारीख, सुईनंतर किती मिनिटांनी किंवा किती दिवसांनी काय झाले आणि कशाने बरे वाटले, एवढ्या चार गोष्टी लिहा. ज्याला खरोखर ॲनाफिलॅक्सिस झाला आहे, त्याने औषधाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आधार कार्डाबरोबर पाकिटात ठेवावी. ती दात काढायला जातानाही दाखवावी आणि बाळंतपणालाही.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी केंद्र सरकारने २०१० पासून एक कार्यक्रम चालवला आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी पेशंट स्वतः फुकट फोन करून माहिती देऊ शकतो. डॉक्टरांवर खटला भरण्यासाठी ही सोय नाही. एखाद्या औषधाने किंवा एखाद्या बॅचने जास्त जणांना त्रास होतो आहे का, हे अशा नोंदींवरूनच कळते. पण तिथेही पहिला प्रश्न औषधाच्या नावाचाच असतो.

तेव्हा पुढच्या खेपेस सुई घ्यायची वेळ आली, तर दोन गोष्टी विसरू नका. टोचण्यापूर्वी नाव विचारा. टोचल्यावर घड्याळात पाहा आणि अर्धा तास तिथेच बसा.